सायकलींचे शहर : पुण्याने कमावलेली आणि हरवलेली एक सवय

१/२०
एके काळी पुण्याला दोन बिरुदे होती. एक ‘विद्येचे माहेरघर’ आणि दुसरे ‘सायकलींचे शहर’. पहिले बिरुद शहर आजही मिरवते. दुसरे मात्र वडीलधाऱ्यांच्या आठवणींपुरते उरले आहे. कचेऱ्या आणि महाविद्यालये भरण्याच्या वेळी रस्ताभर वाजणाऱ्या घंट्या, कारखान्याची पाळी सुटताच फाटकातून बाहेर पडणारा सायकलींचा लोंढा, हे दृश्य दोन पिढ्यांत नाहीसे झाले. ते कसे निर्माण झाले होते आणि कशामुळे गेले, याचा हा इतिहास. त्यात लोखंडी नांगर आहे, नगरपालिकेचा कर आहे, महायुद्ध आहे आणि रस्ता कोणाचा हा प्रश्नही आहे.

२/२०
आरंभ युरोपात. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचे लाकडी वाहन चालवून दाखवले. त्याला पायटे नव्हते; जमिनीला पाय रेटत पुढे जायचे. पुढे पायटे आले, पण ते थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत. वेग वाढवायचा तर ते चाकच मोठे करावे लागे. त्यामुळे १८७० च्या दशकातील सायकलचे पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत उंच आणि मागचे अगदी लहान असे. खड्डा आला की स्वार तोंडावर आपटे. हा धाडसी आणि सधन तरुणांचा खेळ होता, रोजच्या कामाचे वाहन नव्हे.

३/२०
सायकल सामान्य माणसाची झाली ती दोन शोधांमुळे. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल तयार केली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला साखळीने गती आणि पाय सहज जमिनीला टेकतील अशी बैठक. आजची सायकल मूलतः हीच आहे. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला रबरी टायर बनवला. हाडे खिळखिळी करणारे वाहन एकाएकी सुखावह झाले. त्यानंतरच्या अवघ्या काही वर्षांत सायकल समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आली.

४/२०
मराठी मुलखातील सायकलीच्या इतिहासाचे पहिले ठळक पान पुण्याचे नाही, बेळगावचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. मुंबईत त्यांनी सायकली पाहिल्या. ते त्या विकत घेऊन बेळगावला धाडीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या तेथे विकीत. अडचण अशी होती की गिऱ्हाइकाला हे वाहन चालवताच येत नसे. म्हणून विक्रीबरोबर शिकवणीही ओघाने आली. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ सालच्या या सायकल-व्यवसायापासून मोजतो.

५/२०
मुंबईच्या संस्थेत हक्काची बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. सायकलीची दुरुस्ती करता करता कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर घडू लागला. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिले आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हा योगायोग नव्हे. अमेरिकेतील राइट बंधूही विमानाआधी सायकलीच विकत आणि दुरुस्त करीत होते. बेअरिंग, साखळी, ताणलेल्या तारा, हलकी पण मजबूत चौकट अशी यंत्रविद्येची बाराखडीच सायकलीत होती आणि ती उघड्यावर, कोणालाही वाचता येईल अशी मांडलेली होती.

६/२०
आता पुणे. जुने शहर मुठेच्या काठी पेठांमध्ये वसलेले. भोवती टेकड्या, पण पेठांमधील जमीन बरीचशी सपाट. शनिवारवाड्यापासून फर्ग्युसन महाविद्यालय असो, स्टेशन असो वा लष्कर भाग असो, अंतरे चालणाऱ्याला लांब आणि टांग्यासाठी खर्चिक. हवा मुंबईसारखी घामट नाही. शिवाय शहरात भरणा कोणाचा? विद्यार्थी, शिक्षक, कारकून, छापखान्यातील जुळारी. वेळेवर पोहोचणे भाग, खिशात मात्र बेताचेच पैसे. सायकलीसाठी याहून अनुकूल शहर शोधूनही सापडले नसते.

७/२०
सायकल नव्हती तेव्हाचे पुणे समजून घ्यायचे तर धोंडो केशव कर्वे आठवावेत. १९०० साली त्यांनी विधवाश्रम गावाबाहेर हिंगण्याला हलवला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झाले की ते सामान घेऊन, पावसाळ्यात चिखल तुडवीत, पायी हिंगणे गाठत आणि सकाळी पुन्हा पायीच परतत. या चालण्याकडे त्यागाची कथा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे : काही मैलांचे अंतर माणसाच्या दिवसाचा किती मोठा लचका तोडीत असे. हा वेळ सामान्य माणसाला परत मिळवून दिला तो सायकलीने.

८/२०
आरंभी मात्र सायकल सामान्यांची नव्हती. रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस, फिलिप्स ही सारी विलायती नावे. वकील, डॉक्टर, सरकारी अंमलदार अशांकडे ती असे. हळूहळू जुन्या सायकलींचा बाजार वाढला, दुरुस्तीची दुकाने आली आणि घरात एक सायकल ही ऐपतीतील गोष्ट झाली. ती एका माणसाची नसे. सकाळी मुलगा महाविद्यालयात नेई, दुपारी वडील कामाला आणि संध्याकाळी तिच्यावरूनच दळण येई. रविवारी तिला तेलपाणी होई. एकच सायकल वीस-पंचवीस वर्षे चाले आणि बापाकडून मुलाकडे जाई.

९/२०
वाहन वाढले की सरकारचे लक्ष जाते. सायकलीवर नगरपालिकेचा कर बसला. तो भरल्याचा पुरावा म्हणून धातूचा बिल्ला मिळे आणि तो सायकलीला लावावा लागे. बिल्ला नसेल तर दंड. रात्री दिवा नसेल तर दंड. ‘डबलसीट’ बसवले तरी दंड. कधी पोलीस चाकातील हवाच सोडून देत. आधी तेलाचा दिवा होता, मग चाकाला घासून वीज करणारा डायनॅमो आला. या नियमांचा आज गमतीने उल्लेख होतो. पण त्यांचा अर्थ महत्त्वाचा आहे. सायकल ही रस्त्यावरची अधिकृत सवारी होती. ती कर भरीत होती, नियम पाळीत होती आणि म्हणूनच रस्त्यावर तिचा हक्कही होता.

१०/२०
या सुमारास सायकलीने पराक्रमही गाजवले. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ती पूर्ण करून १९२८ साली परतले. वाळवंटे आणि घनदाट जंगले त्यांनी पायट्यांच्या बळावर ओलांडली. अशा मोहिमा ग्रंथांत नोंदल्या जातात. पण समाज बदलतो तो वेगळ्याच सायकलस्वारांमुळे : रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या, त्याच झाडाखाली सायकल उभी करणाऱ्या आणि कधीही कोठेही नोंद न झालेल्या लाखो माणसांमुळे.

११/२०
दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि विलायती मालाची आवक आटली. देशी कारखान्यांची निकड तेव्हा सर्वांना पटली. स्वातंत्र्यानंतर हे चित्र झपाट्याने पालटले. मद्रासजवळ टीआय सायकल्स आणि आसनसोलला सेन-रॅले हे कारखाने ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने उभे राहिले. १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो आली. हीरो मुंजाल बंधूंची. सुटे भाग विकता विकता ते सायकल बनवू लागले. तीस वर्षांनी, १९८६ साली, त्यांची कंपनी जगातील सर्वाधिक सायकली बनवणारी म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली.

१२/२०
पुण्याच्या सायकलयुगाचा मध्यान्ह तो हाच. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. त्याच्या जोडीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, पुढे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि मग पिंपरी-चिंचवडची संपूर्ण औद्योगिक वसाहत. पेठांतून, दापोडीतून, येरवड्यातून कामगार सायकलीने येत. मागच्या कॅरिअरला जेवणाचा डबा, हँडलला पिशवी. बसच्या वेळेची वाट पाहायची नाही, तिकिटाचे पैसे नाहीत. पगार तुटपुंजा असताना प्रवासखर्च जवळजवळ शून्य असणे म्हणजे मुलाच्या शाळेची फी भरता येणे. पुण्याच्या औद्योगिक वाढीतील हा वाटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

१३/२०
पुण्यातील सायकलींचे खरे वेगळेपण मात्र स्त्रियांमध्ये होते. हुजूरपागेसारख्या मुलींच्या शाळा १८८० च्या दशकापासून होत्या. तरीही शाळा-महाविद्यालयापर्यंत पोहोचायचे कसे हा प्रश्न उरतच असे. आडवी दांडी नसलेली ‘लेडीज सायकल’, साखळीवर झाकण आणि मागच्या चाकाला जाळी, म्हणजे साडीचा काठ अडकू नये, एवढ्याशा रचनेने तो सोडवला. भाऊ सोबत येईपर्यंत थांबणे संपले. शिकवणी, वाचनालय, नोकरी ही ठिकाणे मुलीच्या स्वतःच्या वेळेने गाठता येऊ लागली. बाहेरगावच्या पाहुण्यांना साडी नेसून सायकल चालवणाऱ्या पुणेरी स्त्रियांचे नवल वाटे.

१४/२०
आरंभी टोमणे होतेच. ते प्रत्येक नव्या गोष्टीला असतात. पण सायकलवर बसलेली मुलगी टोमणा पुरता कानी पडायच्या आत पुढच्या चौकात पोहोचलेली असे. याच वातावरणात १९५२ साली मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवू लागल्या. स्कूटर चालवणारी पुण्यातील पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या धोंडो केशवांच्या सून. सासऱ्यांनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी जो प्रवास पायी केला, त्याच शहरात अर्ध्या शतकाने सून यंत्रावर स्वार झाली. मधला सारा पूल मात्र सायकलीने बांधला होता.

१५/२०
पुण्याबाहेरही हेच वाहन दिवसाची घडी बसवीत होते. मुंबईचा डबेवाला लोकल आणि हातगाडीइतकाच सायकलीवर विसंबून असे. गोव्यात पोदेर टोपलीत ताजे पाव घेऊन सायकलचा रबरी भोंगा वाजवीत वाड्यावाड्यांत फिरे, आजही फिरतो. पोस्टमन, दूधवाला, सुऱ्यांना धार लावणारा, हे सारे सायकलस्वारच. मुलांसाठी तासाच्या दराने भाड्याची सायकल मिळे. पाय पुरत नसले तर मधल्या दांडीखालून पाय घालून ‘हाफ पेडल’ मारायचे. फुटलेला गुडघा हीच शिकल्याची खूण. घराच्या परवानगीच्या कक्षेबाहेरचे पहिले जग कित्येकांनी असेच पाहिले.

१६/२०
मग बदल आला आणि तोही पुण्यातूनच. बजाजने १९४८ मध्ये स्कूटरची आयात सुरू केली आणि पुढे आकुर्डीला स्कूटर बनू लागली. परवाना-पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. या टंचाईमुळेच स्कूटर प्रतिष्ठेची झाली. १९७२ मध्ये कायनेटिकची ‘लूना’ आली : पायटे असलेली, पण इंजिनावर धावणारी, सायकल आणि स्कूटरच्या मधली पायरी. १९८० च्या दशकात जपानी सहकार्याने मोटारसायकली आल्या, १९९१ नंतर कर्जे सुलभ झाली. लुधियान्याची हीरोही १९८५ पासून होंडासोबत मोटारसायकली बनवीत होतीच.

१७/२०
इंजिन आले म्हणून सायकल गेली, हे अर्धेच सत्य. १९५१ साली पुणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. २०११ साली ती एकतीस लाखांच्या वर गेली. १९९७ मध्ये आसपासची गावे शहरात आली. अंतरे वाढली. रस्ते रुंद झाले, पण ते वेगासाठी. पूर्वी सायकलींचा थवा स्वतःच रस्त्याचा वेग ठरवी. थवा विरळ झाला तशी उरलेली प्रत्येक सायकल एकटी पडली. भीती वाढली म्हणून आणखी लोकांनी ती सोडली आणि सोडल्यामुळे भीती आणखी वाढली. आईबापांनी मुलांना सायकलीवरून शाळेत पाठवणे थांबवले, तेथे परंपरा तुटली.

१८/२०
हे अटळ होते काय? नेदरलँड्सकडे पाहावे. तेथील लोक जणू सायकलीवरच जन्मतात असा समज आहे. प्रत्यक्षात १९५० आणि ६० च्या दशकांत तेथेही मोटारी वाढल्या, सायकली झपाट्याने घटल्या. १९७१ या एका वर्षात तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यांपैकी एक मुलगी विक लँगेनहोफ या पत्रकाराची. पुढच्या वर्षी त्याने ‘बालहत्या थांबवा’ अशा शीर्षकाचा लेख लिहिला आणि तेच चळवळीचे नाव झाले. पालकांनी आणि मुलांनी रस्ते अडवले. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने मोटारमुक्त रविवार पाळले. हेग आणि टिलबर्ग येथे स्वतंत्र सायकलमार्गांचे प्रयोग झाले, डेल्फ्टमध्ये संपूर्ण शहरभर जाळे विणले गेले. आजची डच सायकल ही वारशाने नव्हे, निर्णयाने मिळालेली आहे.

१९/२०
पुण्याने प्रयत्न केले नाहीत असे नाही. २००६ साली जलद बसमार्गाबरोबर सायकलमार्गही आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. पण सायकलमार्ग ही साखळीसारखी गोष्ट आहे. एक कडी तुटली की उरलेली निरुपयोगी. चौकात संपणारा, विजेच्या खांबापाशी अडणारा, उभ्या गाड्यांनी भरलेला मार्ग कोणालाही घरापासून कामापर्यंत पोहोचवीत नाही. तुलना जपूनच करायला हवी : पुणे ज्या वेगाने वाढले तसे एकही डच शहर वाढले नाही. तरीही मुख्य फरक पैशाचा नव्हे, क्रमाचा आहे. तेथे रस्ता आखताना सायकल आधी आली. येथे सगळे झाल्यावर उरलेल्या जागेत.

२०/२०
या इतिहासात एक आकडा विसरू नये. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती, सुमारे २१ टक्के घरांत स्कूटर वा मोटारसायकल आणि मोटार मात्र पाच टक्क्यांहून कमी घरांत. सायकल नाहीशी झालेली नव्हती. रस्त्यांचे निर्णय घेणाऱ्यांच्या नजरेतून ती नाहीशी झाली होती. पुण्यात आजही पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, बांधकामावर जाणारा गवंडी सायकलच चालवतो. त्यांच्याकडे ती हौस नाही आणि पर्यायही नाही. ज्या शहराने एके काळी प्राध्यापक आणि कामगार यांना एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने चालवले, तेथे आता सर्वाधिक धोका तोच पत्करतो ज्याची ऐपत सर्वांत कमी. ‘सायकलींचे शहर’ हे बिरुद परत मिळवायचे असेल, तर आरंभ या माणसाच्या पहाटेच्या रस्त्यापासून करावा लागेल.

(समाप्त)